मोनरे मंडळींची पहिली रांग

रविवारी सकाळी रेमोंद मोनरे उठली ती देवाचे आभार मानतच. आभार मानण्यात तिने कधी हात आखडता घेतला नाही. कोंबडी चांगली मिळाली तर आभार, गुडघा दुखला नाही तर आभार, सून वेळेवर आली तर आभार. हे शेवटचे मात्र देवाचे, सुनेचे नव्हेत. आजचे आभार त्याहून मोठे होते. काल संध्याकाळी तिच्या लेकीचा, ओदिलचा, नवा सिनेमा पॅरिसच्याही आधी गावच्या थिएटरात दाखवला गेला आणि सगळं निर्विघ्न पार पडलं. कुणी खोकलं नाही. कुणी गोळीचा कागद वाजवला नाही. आणि मुख्य म्हणजे कुणी हसलं नाही.

हसण्याची भीती खरीच होती. थिएटरच्या दारावरच्या पोस्टरात टोपीवाला एक जाडा माणूस अकॉर्डियन गळ्यात अडकवून शवपेटीशेजारी उभा होता आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'लग्नाचा वाजंत्री'. गावातल्या उथळ माणसांचा गैरसमज व्हायला तेवढं पुरे. रेमोंद पोस्टरला भुलणाऱ्यांतली नव्हती. ओदिलच्या पाचव्या सिनेमालाही वर्तमानपत्रांनी विनोदी म्हटलं होतं, आणि त्यातली बाई सुरुवातीलाच जी अंघोळीच्या टबात शिरली ती शेवटपर्यंत जिवंत बाहेर आली नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. म्हणून तिने शुक्रवारीच घरच्यांना फोन करून बजावलं होतं, नेहमीसारखं बसायचं. मुलाला, रेजिसला, एक फोन. सुनेला, गिलेनला, वेगळा, कारण रेजिस निरोप विसरतो. आणि धाकट्या बहिणीला, देनिझला, दोन, कारण ती देनिझ आहे.

नेहमीसारखं म्हणजे पहिल्या रांगेत, पाठ ताठ, हात मांडीवर. सगळी नावं सरकून पडदा पांढरा होईपर्यंत उठायचं नाही, मग टाळ्या वाजवायच्या. मोनरे मंडळींनी ओदिलचे एकूण एक सिनेमे असेच पाहिले होते, बझाँसोंला, लियोंला, एकदा तर गाड्या बदलत पार ब्रुसेल्सला जाऊन. त्यांतलं काय कळलं ते विचारू नका. कळत नाही म्हणून जायचं नाही, असला विचार रेमोंदच्या गावीही नव्हता. पोरीने लग्न केलं नाही, तेव्हा तिचे सिनेमे हीच तिची लग्नं, आणि लग्नाला घरचे गेले नाहीत तर लोक काय म्हणतील, असं तिचं साधं म्हणणं होतं.

तिने अळंबी भिजत घातली, कोंबडीचे तुकडे लोण्यात परतले आणि वर पिवळी वाइन ओतली. या खोऱ्यात रविवारचा स्वयंपाक असाच करतात. काल ओदिल कुणाशी न बोलता वर निघून गेली होती. दमली असेल पोर, रेमोंदला वाटलं. तिला स्वतःलाही काल थोडा त्रास झाला होता, पण त्याची वाच्यता करण्याचं काही कारण नव्हतं.

वर, लहानपणच्या अरुंद पलंगावर, ओदिल कालच्याच कपड्यांत बसून होती.

साठी तोंडावर आली होती. पंचविशीत तिने पहिला सिनेमा काढला, एका ड्रायव्हिंग स्कूलचा, आणि सगळा फ्रान्स खुर्चीवरून पडला. गावचा न्हावी अजून त्यातली वाक्यं म्हणत दाढी करतो. मग तिच्या मनाने घेतलं की हसवणं सोपं आहे, आणि जे सोपं ते हलकं. पुढचे नऊ सिनेमे तिने असे काढले की त्यांत लोक खिडकीबाहेर बघत आणि कॅमेरा त्यांच्याकडे बघे. महोत्सवांत मान मिळाला, जाडजूड मासिकांत लेख आले, आणि थिएटरं रिकामी होत गेली. शेवटी शेवटी लेख लिहिणारे प्रेक्षकांपेक्षा जास्त भरायला लागले. मग आठ वर्षं कुणी दारात उभं केलं नाही.

अशात ओरेलियाँ बास्तीद नावाचा एक तरुण निर्माता तिच्याकडे आला. तुमचा पहिला सिनेमा मला तोंडपाठ आहे, तसा आणखी एक करा, माझ्या आईला बघता येईल असा, एवढंच तो म्हणाला. ओदिल त्याला दार दाखवणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हो म्हटलं. का म्हटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही. बास्तीदला जे हवं होतं तेच तिलाही हवं होतं, पण तिचं कारण निराळं होतं.

पहिला खेळ आपल्या गावात व्हावा हा हट्टही तिचाच. पॅरिसची माणसं हसली काय आणि न हसली काय, त्यांना सवय असते. इथली हसली तर खरं. ती शेवटच्या रांगेमागे दाराशी उभी राहिली होती, कारण अशा वेळी दिग्दर्शकाने पडद्याकडे बघायचं नसतं, माणसांच्या पाठींकडे बघायचं असतं. हसणारी पाठ हलते. काल एकही पाठ हलली नाही. आईचा पांढरा अंबाडा पहिल्या रांगेत खुंटीसारखा स्थिर होता.

एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही, ती बाहेरच्या माणसाला चटकन दिसली असती. रेमोंदने या गावच्या शाळेत जन्मभर शिकवलं होतं. थिएटरातली अर्धी माणसं तिने कधी ना कधी कोपऱ्यात उभी केली होती, त्यांत महापौरही आले. बाईंची मान हलल्याशिवाय हसायची तिथे कुणाची छाती नव्हती. पाचव्या-सहाव्या रांगेतून सगळे त्या अंबाड्याकडे बघत होते, तो काही हलेना, आणि ओठ आवळून बसत होते.

सकाळी बास्तीदचा फोन आला तेव्हा ओदिलने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "दोनशे माणसांतलं एकही हसलं नाही? म्हणजे एडिटिंगच्या खोलीत मी एकटाच वेड्यासारखा हसत होतो?"

"तुमचा स्वभाव चांगला आहे," ओदिल म्हणाली.

अंतिम प्रत सोमवारी जायची होती. ओदिलचा बेत ठरला होता. अकॉर्डियनवाला जिथे जिथे आहे ते सगळं कापायचं आणि नुसती विधवा ठेवायची. सिनेमा छोटा होईल, दुःखी होईल, पूर्वीसारखा होईल. मोजकी माणसं येतील, पण गप्प बसतील ती निदान गप्प बसायलाच आलेली असतील. आणि हा झाला की पुरे, आणखी नको. बास्तीदने वाद घातला नाही. जेवून घ्या, एडिटरला मी बसवून ठेवतो, तीन वाजता फोन करतो, तेव्हा हो म्हणालात तर कापू, असं म्हणून त्याने फोन ठेवला. भला माणूस होता. त्याच्याही डोक्यावर छप्पर राहील की नाही ते याच सिनेमावर होतं, पण त्याने तसं अवाक्षर काढलं नाही.

दाराबाहेर गिलेन उभी होती. ती नणंदेला जेवायला बोलवायला आली होती. चोरून ऐकायचा तिचा इरादा नव्हता, पण ऐकल्यावर जिना उतरायची घाईही तिने केली नाही.

खाली येऊन तिने नवऱ्याला वाइन आणायच्या निमित्ताने तळघरात ओढलं आणि दार लोटून घेतलं. रेजिस बापामागून पाइपांचा कारखाना चालवत होता. ब्रायरच्या झुडपाच्या मुळांतून तंबाखूचे पाइप कोरायचे, आणि हल्ली पाइप ओढतं कोण? मोनरेंच्या घरात दोनच धंदे, एक पाइपांचा आणि एक सिनेमाचा, आणि दोन्हींतून शेवटी धूरच निघतो, असं तो स्वतःच म्हणायचा. बायकोने ऐकलेलं सांगितलं तेव्हा मात्र त्याला विनोद सुचला नाही. तो बटाट्यांच्या पेटीवर बसला.

कारण काल मेल्यागत बसून त्याने काय सोसलं ते त्यालाच ठाऊक. मफलर दातांत धरून त्याने त्याचा चोथा केला होता. गिलेन दोनदा पोट बिघडल्याचं सांगून बाहेर गेली आणि हात धुवायच्या खोलीत भिंतीला टेकून हसून आली. देनिझ मावशीने तर कवळी काढून रुमालात धरली होती, कारण दात नसले की हसू आवरतं असा तिचा अनुभव. या तिघांनी परतताना गाडीत एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

आणि मग ती शेवटची ओळ. पडद्यावर नावं सरकायला लागली तशी सगळी माणसं कोट शोधत उठली. आईच्या नियमामुळे पहिली रांग तेवढी बसून राहिली, आणि म्हणून सगळ्यात शेवटी आलेलं ते त्या चौघांनीच वाचलं: 'आरमाँ मोनरे यांना. उशीर झाला.'

आरमाँ म्हणजे रेजिस-ओदिलचे वडील. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात ओदिल हातातला सिनेमा अर्धवट टाकून गावी आली आणि वसंत येईपर्यंत हलली नाही. एके दुपारी तिने झोपायच्या खोलीच्या भिंतीवर चादर ठोकली आणि वडिलांना तो ड्रायव्हिंग स्कूलचा सिनेमा दाखवला. ते असे हसले की नर्स धावत आली. हसून झाल्यावर ते म्हणाले, "पोरी, असा आणखी एक कर ना." ओदिल नुसती पांघरूण सारखं करत राहिली. रेजिस तेव्हा दारातच उभा होता. त्या हिवाळ्याबद्दल बहिणीला काही म्हणावं असं त्याच्या मनात कितीदा आलं, पण मोनरे पुरुषांना असलं काही बोलता येत नाही. काल ती ओळ वाचली तेव्हा मफलर डोळ्यांना लावायच्या कामी आला.

"जाऊन सांग तिला," गिलेन म्हणाली. "म्हणावं, आम्ही मरत होतो हसू दाबून. आईंनी बजावलं होतं म्हणून."

"आणि आईचं काय? आपल्यामुळे पोरीचा सिनेमा बुडत होता हे तिला या वयात कळलं तर ती जेवायची नाही."

"आणि ओदिलला कळलं नाही तर ती पुन्हा सिनेमा करायची नाही. निवड तू."

रेजिस दोन्हीकडून अडकला. शेवटी असं ठरलं की जेवण होऊ द्यायचं, मग आई भांडी आवरायला गेली की ओदिलला अंगणात गाठून हळूच सांगायचं, आईला ताकास तूर लागू द्यायची नाही. वळून बघतात तर पायऱ्यांवर देनिझ मावशी उभी. तिला किती वेळ झाला होता देव जाणे.

"मला यात ओढू नका," ती म्हणाली. "तीस वर्षं मूग गिळून बसले आहे. मला जमलंय आता."

गिलेनला वाटलं, ही बहिणीला जाऊन सांगणार. रेजिसला वाटलं, ही ओदिलला सांगणार. दोघांनाही भीती वाटली आणि दोघांनी तिच्या हातात एकेक बाटली देऊन तिला आपल्या बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. तिने बाटल्या घेतल्या, बाजू घेतली नाही.

जेवण छान झालं. रेमोंद खुशीत होती. महापौर कसा शहाण्यासारखा बसला होता, शाळेत असताना त्याला एक क्षण स्वस्थ बसवत नसे, हे तिने दोनदा सांगितलं. ओदिलने कोंबडी ताटात इकडची तिकडे केली. गिलेनने तिला आग्रह करकरून वाढलं, जे ती कधी करत नसे, आणि त्यावरून रेमोंदने सुनेकडे जरा संशयानेच पाहिलं. मग चीज आलं, रेजिसने पेले भरले, आणि ओदिल आपला पेला घेऊन उभी राहिली. या घरात उभं राहून बोलतात ते लग्नात नाहीतर मयताला. सगळ्यांचे काटे थांबले.

"मला तुमचे आभार मानायचे आहेत," ती म्हणाली. "तुम्ही दर वेळी आलात. ब्रुसेल्सला आलात, बर्फ पडत होता तेव्हाही आलात. माझे समीक्षक झोपले, तुम्ही झोपला नाहीत. आणि काल तो जमला नाही हे दिसत असून तुम्ही कुणी तोंडावर म्हणाला नाहीत, त्याचेही आभार. मी तो बदलतेय. अकॉर्डियनवाल्याला काढून टाकते. आणि मग थांबते. तुम्हालाही जरा सुटका."

तिने हसायचा प्रयत्न केला. गिलेनने टेबलाखालून नवऱ्याला लाथ मारली. रेजिसने पेला उचलला आणि तळापर्यंत रिकामा केला. एवढंच धैर्य त्याच्यापाशी होतं.

रेमोंद गोंधळली होती. "तुझं काम तुला कळतं," ती म्हणाली. "पण जमला नाही असं का म्हणतेस? सगळे किती छान बसले होते."

"हो आई. फारच छान बसले होते."

रेजिसने चीजची सुरी उचलली आणि तशीच खाली ठेवली. अंगणात गाठायचं वगैरे आता राहिलंच होतं, ते त्याच्याही लक्षात आलं. तेवढ्यात देनिझ मावशीने हात पुसला आणि शाळेतल्या मुलीसारखा किंचित वर केला.

"ओदिल, एक विचारू? रागावणार नाहीस ना? ती विधवा पाय हलवते, आणि पाद्री तिच्या पायावर पाय ठेवतो. तिथे हसलं तर चालतं का गं?"

ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावचा ऑर्गनवाला आजारी पडतो आणि मयताला वाजवायला लग्नातला अकॉर्डियनवाला धरून आणतात. त्याला एकही दुःखी चाल येत नाही. तो नाचाचीच चाल संथ करून वाजवतो. सगळं चर्च माना खाली घालून उभं, आणि विधवेच्या काळ्या झग्याखालून तिचा बूट ठेका धरतो. पाद्री मंत्र म्हणता म्हणता सरकतो आणि आपला पाय तिच्या पायावर दाबून ठेवतो. बूट थांबतो. आणि मग पाद्र्याचा दुसरा पाय हलायला लागतो.

"चालतं म्हणजे?" ओदिलने विचारलं. "मावशी, चालतं म्हणजे काय?"

पण मावशीच्या डोळ्यांपुढे आता तो पाद्री उभा राहिला होता. तिच्या घशातून आधी एक बारीक आवाज निघाला, मग खांदे हलले, मग कवळी हलली. गिलेनने तोंडावर रुमाल धरायच्या आतच तिला फुटलं. रेजिस तिला गप्प करायला वळला आणि स्वतःच पेल्यात तोंड घालून खोकत हसायला लागला.

"देनिझ," रेमोंद म्हणाली. हा आवाज अर्ध्या गावाला ओळखीचा होता.

"नाही रेमोंद. काल तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला. आज नाही खायची."

ओदिल खुर्चीची पाठ धरून उभी होती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला जे दिसत होतं त्यावर तिचा विश्वास बसत नव्हता. "मग काल का नाही हसलात?"

हसू ओसरलं. तिघांनीही रेमोंदकडे पाहिलं. रेमोंदने रुमालाची घडी घातली.

"तू सांगितलं होतंस म्हणून."

"मी? कधी?"

"बझाँसोंला. तुझा दुसरा सिनेमा होता. त्या माणसाच्या हातून कोबी पडतो, तो उचलतो, पुन्हा पडतो. देनिझला हसू आलं. आपल्या लोकांत कोबी पडला की हसतात, त्यात तिचं काय चुकलं? तू अंधारात उभी राहिलीस आणि सगळ्यांदेखत म्हणालीस, ज्यांना हसायचं असेल त्यांनी बाहेर जावं, इथे एक माणूस मरतोय. देनिझ गेली बाहेर. नवे बूट घालून आली होती, पावसात उभी राहिली. तेव्हाच मी ठरवलं की आमच्यामुळे तुला पुन्हा कधी खाली बघायला लागू द्यायचं नाही."

ओदिलने आठवून पाहिलं. बझाँसों आठवलं, ते थिएटर आठवलं, अंगावरचा कोट आठवला, दुसऱ्या दिवशी छापून आलेली स्तुती शब्दन्‌शब्द आठवली. ते वाक्य कुठेही नव्हतं.

"मला आठवत नाही, आई."

"आम्हाला आठवतं," रेमोंद म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. पोरीने रुमाल विसरावा आणि आईने तो उचलून ठेवावा, तसं ती म्हणाली.

एका क्षणाचं बोलणं, आणि या चार माणसांनी ते जन्मभराचं व्रत करून पाळलं होतं. ओदिलला ते वडिलांसकट पाचही जण दिसले, गावोगावच्या पहिल्या रांगांत, ताठ बसलेले, न कळणाऱ्या गोष्टीसमोर हात मांडीवर ठेवून. जगात कुणाला असा प्रेक्षक लाभला नसेल. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त कृतज्ञता वाटली, इतकी की ती मावशीच्या खुर्चीशी गेली आणि वाकून तिने तिच्या केसांवर ओठ टेकले. माफ कर, असं ती म्हणाली असावी. देनिझने तिच्या गालावर थोपटलं आणि म्हटलं की बूट काही खराब झाले नाहीत, अजून आहेत.

तोवर रेमोंदच्या ध्यानात पुढचं आलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे काल कुणी हसलं नाही ते माझ्यामुळे. ती सगळी माझीच पोरं बसली होती मागे." तिने टेबलाची कड धरली. "आणि तू तो कापायला निघालीस. माझ्यामुळे."

रेजिसला जी भीती होती ती खरी झाली. तो उठायला लागला, तर गिलेनने त्याला हाताने बसवलं आणि स्वतः सासूच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. या दोघींचं पंचवीस वर्षांत मिठाच्या प्रमाणावरसुद्धा एकमत झालं नव्हतं. "आई, आम्हीही बोलू शकलो असतो. आम्हीही गप्प बसलो," ती म्हणाली. रेमोंदने मागे न बघता सुनेचा हात धरला, आणि देवाला मध्ये न घालता तिचे आभार मानले.

ओदिल आईपाशी बसली. "तुला काल हसू आलं होतं का, आई? खरं सांग."

बाईंना खोटं बोलता येत नसे. सगळा जन्म दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात गेला होता. तिने डावी बाही वर सरकवली. कोपराखाली, म्हाताऱ्या पातळ कातडीवर, चिमटे काढल्याचे निळेजांभळे डाग होते.

"हा पाद्र्याच्या वेळचा," ती म्हणाली. "हा खांदेकरी पेटी घेऊन ठेक्यात चालायला लागले तेव्हाचा. आणि हा मोठा कशाचा ते मलाही सांगता यायचं नाही, तोवर मला काही दिसतच नव्हतं."

"मग तुला कळलं नाही का, हसायचंय म्हणून?"

"कोबी पडला तेव्हाही मला हसू आलंच होतं की. हसू येतं म्हणून ते हसायचं असतं असं थोडंच आहे?"

ओदिलने तो हात दोन्ही हातांत धरला. महोत्सवांतली मानपत्रं तिच्याकडे भिंतभर होती. यातला एकही डाग त्यांच्याशी बदलून घ्यायला ती तयार झाली नसती. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"रडू नकोस, मला आणखी एक सांगायचंय," रेमोंद म्हणाली. आवाजात पुन्हा शाळा आली होती. "पाद्र्याचा दुसरा पाय हलतो, आणि तू लगेच आकाश दाखवतेस. आकाश कशाला? माझं आधीचंच आवरून झालं नव्हतं. जरा थांबावं माणसाने."

"तेच तर," रेजिस म्हणाला. जेवणभरात त्याचं हे पहिलं वाक्य. "मलाही आकाशाचा राग आला होता."

मग सगळेच बोलायला लागले. देनिझला खांदेकरी आणखी हवे होते, गिलेनच्या मते विधवेच्या बहिणीचं काम करणारी बाई थोडी कच्ची होती. रेजिस म्हणाला की अकॉर्डियनवाला हुबेहूब बाबांसारखा टोपी मागे सारतो, आणि ओदिल म्हणाली, "हो," एवढंच. त्या दोघा भावंडांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटच्या ओळीबद्दल रेजिस काही बोलला नाही, पण त्याने बहिणीचा पेला काठोकाठ भरला, आणि तिला ते पोचलं.

फोन वाजला तेव्हा देनिझ मावशी उठून खुर्ची धरून पाद्र्याचे दोन्ही पाय करून दाखवत होती. ओदिल दाराशी जाऊन बोलली. काही कापायचं नाही, ती म्हणाली. पाद्र्याच्या पायानंतरचं आकाश तेवढं काढा आणि पायावर थांबा, आणखी थोडं थांबा, श्वास घेऊन पुन्हा हसता येईल इतकं. का म्हणून बास्तीदने विचारलं, तर आमच्या बाईंनी सांगितलंय म्हणाली. आणि मग म्हणाली की तुम्ही त्या दिवशी दारात आलात ते तुमचे उपकार आहेत, ते मी आजवर मानले नव्हते, आता मानते.

तो काही तरी बोलत होता, पण ओदिलचं लक्ष टेबलाकडे गेलं. मावशीचा दुसरा पाय हलायला लागला होता. रेमोंदने सवयीने उजवा हात डाव्या बाहीकडे नेला, मध्येच थांबवला, आणि तो खाली ठेवून दिला. मग ती हसली. तोंड उघडं टाकून, डोळे मिटून, मान मागे फेकून, अंबाडा सुटेपर्यंत.

"हे कोण हसतंय?" बास्तीदने विचारलं.

"माझी आई," ओदिल म्हणाली. मग तिने हात लांब करून फोन टेबलाकडे धरला.